बोअर ठरलेलेच, हात कोणाचा?

परवाना हाती आला की नवा परवानाधारक रेंजवर येऊन विचारतो, "सर, सगळ्यात पॉवरफुल कोणतं घेऊ?" .३८, .४५५ आणि ९ एमएम ही आपल्याकडे निषिद्ध बोअर. सामान्य परवानाधारकाच्या वाट्याला येते बहुधा .३२, क्वचित .२२. खरी निवड उरते ती वजन, नळीची लांबी, मूठ आणि चापाचा ताण यांची. दुकानात नेमकी हीच चौकशी राहून जाते.

.३२ म्हणजे लिंबूटिंबू, हा समज आधी काढायला हवा. रिव्हॉल्व्हरचे .३२ स्मिथ अँड वेसन लाँग हे काडतूस १८९६ पासूनचे. गोळी साधारण ९८ ग्रेनची, वेग सेकंदाला ७०० फुटांच्या आसपास. झटका कमी, त्यामुळे पुढचा नेम लवकर जुळतो. २५ मीटर सेंटर फायरमध्ये ९.६५ मिमीपर्यंतची मुभा असूनही बहुतेक नेमबाज हेच काडतूस, सपाट तोंडाच्या वॉडकटर गोळीसह, पसंत करतात. जसपाल राणाने २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ५९० गुणांनी विश्वविक्रमाची बरोबरी केली ती याच प्रकारात.

आता वजन. कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने २०१४ मध्ये 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर आणले. टायटॅनियमचा मिश्रधातू, सुमारे ५०० ग्रॅम, खास महिलांसाठी म्हणून गाजलेले. पर्समध्ये वागवायला ते सोपे, यात वाद नाही. पण काडतूस तेच ठेवून शस्त्राचे वजन निम्मे केले तर झटक्याची ऊर्जा दुप्पट होते. .३२ मध्ये तोही सोसवतो. आखूड नळीवर मात्र मागची खाच आणि माशी जवळ येतात आणि नेमातली केसभर चूक लक्ष्यावर बोटभर होते. नवशिक्याला हलके शस्त्र द्यावे, हा विक्रेत्याचा हिशेब झाला. सरावाची गरज हलक्या शस्त्रालाच जास्त लागते.

बोटांत जोर कमी असलेल्या ज्येष्ठांना पिस्तुलाची स्लाइड ओढणे जड जाते. रिव्हॉल्व्हरला ती भानगड नाही, पण डबल ॲक्शनचा चाप लांब आणि कडक असतो. लहान पंजाचे बोट चापावर नीट पोचते का, माशी न हलता चाप शेवटपर्यंत ओढता येतो का, हे डमी काडतुसांवर आधी पाहावे.

सर्वांत मोठी खबरदारी काडतुसांच्या अदलाबदलीची. अमेरिकेत १९३५ मध्ये .३८ स्पेशलवरून .३५७ मॅग्नम बेतताना पुंगळी सुमारे ३ मिमीने वाढवली. दुप्पट दाबाचे काडतूस जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये शिरूच नये म्हणून. आपल्या दोन बत्तिसांत अशी आडकाठी नाही. पिस्तुलाचे .३२ एसीपी काही रिव्हॉल्व्हरांच्या सिलिंडरमध्ये सहज बसते. त्याचा कमाल दाब २०,५०० पीएसआय, रिव्हॉल्व्हरच्या लाँगचा १५,०००. वारशाने आलेल्या जुन्या रिव्हॉल्व्हरला हा जोर झेपेल याची खात्री नाही. रेंज अधिकाऱ्यांनी फायरिंगआधी प्रत्येक काडतुसाच्या बुडावरची अक्षरे वाचावीत.

२०१६ च्या शस्त्र नियमांत सुरक्षा प्रशिक्षणाची अट आहेच. क्लबांनी त्या प्रशिक्षणातच प्रत्येकाच्या हाती एक जड आणि एक हलके रिव्हॉल्व्हर द्यावे, दोन्हींच्या लक्ष्यपत्रिका शेजारी ठेवाव्यात. कोणते घ्यावे ते त्या पत्रिका सांगतील. खरेदीची घाई त्याआधी नको.