ब्रॅकेटवाले

परवा पुण्यातल्या एका कॉलेजच्या स्नेहसंमेलनात एका ज्येष्ठ अभियंत्यांनी शेवटच्या वर्षाच्या मुलांना सल्ला दिला. विमान उद्योगात मेकॅनिकल डिझाइनची पहिली नोकरी म्हणजे शुद्ध कारकुनी. विमान त्यांचं, म्हणजे परदेशी कंपन्यांचं, डोकंही त्यांचंच. आपली पोरं हिंजवडीत बसून चार भोकांचे ब्रॅकेट काढतात, बाकी सगळं कॅटिया हे डिझाइनचं सॉफ्टवेअर करतं. त्यापेक्षा कोडिंग शिका. टाळ्या पडल्या. त्या कोडिंगला होत्या की भाषण संपल्याच्या आनंदाला, ते कळलं नाही.

पगार सुरुवातीला बेताचा असतो, हे कबूल. कॅटिया सगळं करतं म्हणणाऱ्यानं भातही कुकरच करतो म्हणावं. याच मंडळींचा पूर्वीचा हेका आठवतो: ड्रॉइंग बोर्डावर हात बसल्याशिवाय डिझायनर होत नाही! बोइंग 777 संगणकावर आखलं जाऊन 1994 मध्ये उडालं, तरी हा हेका चालूच होता. तेव्हा संगणकाला काही येत नव्हतं, आता त्याला सगळं येतं. मधल्या काळात फक्त यांची निवृत्ती झाली.

राहिला ब्रॅकेट. केबल किंवा नळी विमानाच्या सांगाड्याला धरून ठेवणारा हा वाकवलेला तुकडा. भोक कडेपासून किती आत? साधारण रिवेटच्या व्यासाच्या दुप्पट; कमी पडलं तर कड फाटते. आतला कोपरा किती गोल? टोकदार ठेवलात तर थरथरून थरथरून तडा तिथूनच जाणार. ब्रॅकेट अॅल्युमिनियमचा आणि खालचा पत्रा कार्बन फायबरचा असेल तर मध्ये काचतंतूचा थर हवा, नाहीतर ओल लागली की अॅल्युमिनियम गंजलंच म्हणून समजा. आणि मोजमाप कुठल्या पृष्ठभागापासून धरायचं? त्या पृष्ठभागाला डेटम म्हणतात. नव्या पोराला तो पहिल्याच महिन्यात ठरवावा लागतो.

कारकुनी? 4 नोव्हेंबर 2010 रोजी सिंगापूरहून सिडनीला निघालेल्या क्वांटासच्या ए-380 चं एक इंजिन इंडोनेशियातल्या बाटम बेटावरच्या आकाशात फुटलं. आत 469 माणसं. चौकशीचा माग शेवटी तेलाच्या एका आखूड नळीपाशी पोहोचला. तिच्या तोंडाशी आतून केलेलं बोअर मध्यापासून सरकलं होतं, त्यामुळे एका बाजूची भिंत पातळ राहिली. तिथे तडा गेला, तेल गळलं, आग लागली, टर्बाइनची चकती तुटून बाहेर आली. बोअर सरकलं कशानं? डिझाइनच्या ड्रॉइंगमधला डेटम जुळणीनंतर कारखान्यात हाती लागेना, म्हणून तिथल्या ड्रॉइंगमध्ये दुसरा डेटम आला, आणि बोअरचं नातं कशाशीच नीट बांधलं गेलं नाही. ते ड्रॉइंग कुणा नवख्यानं केलं असं मी म्हणत नाही. पण त्याला कारकुनी म्हणायची कुणाची छाती आहे? वैमानिकांनी विमान सिंगापूरला सुखरूप उतरवलं, म्हणून आपण आज डेटमवर बोलतोय.

‘विमान त्यांचं’ हा टोमणा मात्र झोंबतो, कारण त्यात थोडं तथ्य आहे. दोन-दोन वर्षं ड्रॉइंगवरचा नुसता रिव्हिजनचा आकडा बदलत बसलेली मुलं मी पाहिली आहेत. पण तो दोष साहेबाचा, कामाचा नाही. अशा पोराला आठवड्यातून एक दिवस कारखान्यात शॉपवर पाठवा, स्वतः काढलेला ब्रॅकेट स्वतःच्या हातानं बसवायला लावा. ड्रॉइंग तपासणाऱ्या चेकरनं लाल खूण केली तर ती का केली हेही त्याच्याशेजारी बसून सांगू द्या. माझी मागणी एवढीच, आणि ती फार मोठी नाही हे मला ठाऊक आहे.

माझं पहिलं ड्रॉइंग चेकरकडून परत आलं तेव्हा सगळी मापं बरोबर होती. नटाभोवती लाल पेन्सिलीचं वर्तुळ, बाजूला दोनच शब्द: ‘पाना कुठून?’ दुपारभर स्क्रीनवर तो जोड फिरवून पाहिला. पाना कुठूनच जात नव्हता.