संगणकाशी गट्टी : पडदा काळा झाला, मीटर थांबलं का?



मागच्या वेळी आपण डेस्कटॉपचं रूपडं पालटलं. वॉलपेपर बदलला, चिन्हं मोठी केली, रंग बदलले. त्यावर तुमची पत्रं आली ती बहुतेक 'माझा वॉलपेपर असा, माझा वॉलपेपर तसा' अशीच. पण पोफळीहून आठवीतल्या एका मैत्रिणीनं वेगळाच प्रश्न विचारलाय. ती म्हणते, "संगणक चालू ठेवून मी जेवायला गेले की बाबा ओरडतात. मी त्यांना सांगते, अहो बाबा, स्क्रीन सेव्हर लावलाय, वीज वाचते. आमच्यात खरं कोण?"

बाबा खरे!

आता रागावू नकोस. 'सेव्हर' म्हणजे वाचवणारा हे अगदी बरोबर. फक्त तो वीज वाचवायला जन्मलाच नव्हता. तो जन्मला पडदा वाचवायला. पूर्वीचे मॉनिटर टीव्हीसारखे पोटफुगे असत. त्यांच्या काचेला आतून एक लेप दिलेला असे आणि त्यावर इलेक्ट्रॉनचा मारा झाला की तो चमके. एकच चित्र तासन्‌तास एकाच जागी राहिलं तर तिथला लेप झिजून जाई. मग मॉनिटर बंद केला तरी त्या अक्षरांची भुतं काचेवर दिसत राहायची. म्हणून युक्ती निघाली, की माणूस जागेवर नसेल तेव्हा पडद्यावर काहीतरी हलतं ठेवायचं. तुमच्या आई-बाबांना विचारा. विंडोज ९८च्या दिवसांत पडद्यावर रंगीत पाइप वाढत जायचे, नाहीतर विटांच्या भुलभुलैयात आपोआप फेरफटका व्हायचा. ते बघत बसण्यातच अर्धा तास जाई!

गंमत अशी, की हे पाइप काढायला संगणकाला बरंच डोकं चालवावं लागे. म्हणजे मॉनिटर नेहमीइतकीच वीज खातोय, आणि वर सीपीयूला फुकटचं काम. आजच्या चपट्या मॉनिटरना तसल्या भुतांची फारशी भीती नाही. त्यामुळे स्क्रीन सेव्हर आता निव्वळ शोभेचा. आवडत असेल तर जरूर लावा, पण बाबांना त्याचं कारण सांगू नका.

पण प्रश्न पोफळीहून आला म्हणून मला जास्तच आवडला. का ते सांगतो.

कुंभार्ली घाट उतरून चिपळूणकडे येताना घाटाच्या पायथ्याशी पोफळी लागतं. नाव ऐकून सुपारीची झाडं डोळ्यांसमोर येतात (पोफळ म्हणजे सुपारी, हे कोकणातल्या मुलांना सांगायला नकोच). पण महाराष्ट्राला हे गाव माहीत आहे ते कोयनेच्या विजेमुळे. डोंगराच्या पोटात, जमिनीखाली, इथलं वीजघर आहे. पहिल्या टप्प्यातली वीजनिर्मिती १९६२ साली सुरू झाली. पुढे दुसऱ्या टप्प्याची यंत्रंही याच वीजघरात बसली. दोन्ही मिळून आठ यंत्रं आणि त्यांची आजची क्षमता ६०० मेगावॅट.

पाणी येतं वरून, सह्याद्रीच्या पलीकडून. सातारा जिल्ह्यात कोयना नदीवर धरण आहे आणि त्यामागे शिवाजीसागर हा लांबलचक जलाशय. त्यातलं पाणी बोगद्यानं डोंगराच्या पश्चिम कडेला आणतात आणि तिथून जवळजवळ ४७५ मीटर खाली सोडतात. ते जोरानं पेल्टन चाकाच्या वाट्यांवर आदळतं, चाक गरगर फिरतं, त्याला जोडलेलं जनित्र फिरतं आणि वीज तयार होते.

आता वही-पेन्सिल घ्या. नववी-दहावीच्या दोस्तांना हे गणित येईल. बाकीच्यांनी ताईला किंवा दादाला धरून आणा.

एक हजार लिटर पाणी म्हणजे १००० किलो. ते ४७५ मीटर उंचीवरून खाली येतं. स्थितिज ऊर्जा काढायची तर वस्तुमान गुणिले ९.८ गुणिले उंची. उत्तर येतं ४६,५५,००० ज्यूल. विजेचं एक युनिट म्हणजे ३६,००,००० ज्यूल. भागाकार करा, १.२९ युनिट येतील. पण पाणी बोगद्यात घासतं, यंत्रं तापतात. त्यात दहाएक टक्के गेले असं धरू. हाती उरलं १.१६ युनिट.

उलटं करून बघा. एक युनिट वीज हवी तर साधारण ८६० लिटर पाणी ४७५ मीटर खाली पडायला हवं! आपल्या गच्चीवरची एक हजार लिटरची काळी टाकी असते ना, जवळजवळ ती भरून.

(हा हिशोब फक्त पोफळीपुरता आहे हं. तेच पाणी पुढे कोळकेवाडीच्या धरणात अडवून अलोरे इथे, तिसऱ्या टप्प्यात, त्याच्याकडून आणखी एकदा काम करून घेतात. आणि तुमच्या घरातली वीज नेमकी पोफळीचीच, असंही कुणी सांगू शकत नाही. राज्यभरची वीज एकाच जाळ्यात मिसळते. त्यात चंद्रपूरच्या कोळशाची असते, पवनचक्क्यांची असते, सूर्याची असते. पण हिशोबाला काहीतरी माप हवं, तर पोफळीचं घेऊ.)

आता आपल्या मैत्रिणीच्या संगणकाकडे येऊ. सीपीयू आणि चपटा मॉनिटर मिळून, नुसते उघडे पडलेले असताना, ८० वॅट खातात असं समजा. त्यातले २० वॅट मॉनिटरचे. संध्याकाळी चारला संगणक लावला, रात्री दहाला बंद केला. त्यातले दोन तास खरं काम किंवा खेळ झाला. उरलेले चार तास तो एकटाच जागा होता. ८० गुणिले ४ म्हणजे ३२० वॅट-तास, म्हणजे एका युनिटचा साधारण तिसरा हिस्सा. पाण्यात सांगायचं तर २७५ लिटर. महिन्याचे होतात सव्वाआठ हजार लिटर. उन्हाळ्यात कुणाच्या वाडीत टँकर येत असेल तर त्याला विचारा, एवढ्या पाण्यासाठी किती घरांची रांग लागते ते.

आणि संगणक 'झोपला' असता तर? झोपेत तो दोनेक वॅटवर भागवतो. चार तासांचे आठ वॅट-तास. म्हणजे सात लिटर. अर्धी बादली!

२७५ आणि ७ यांच्यात फरक आहे तो एका सेटिंगचा. चला, ते करू.

विंडोज ११ असेल तर सेटिंग्ज उघडा, सिस्टिममध्ये जा, तिथे 'पॉवर' असेल. लॅपटॉपवर त्यालाच 'पॉवर अँड बॅटरी' म्हणतात. विंडोज १० मध्ये त्याच ठिकाणी 'पॉवर अँड स्लीप' दिसेल. त्याहून जुना संगणक असेल तर कंट्रोल पॅनलमधलं 'पॉवर ऑप्शन्स' शोधा. तिथे दोन वेळा विचारतात : पडदा किती मिनिटांनी बंद करू, आणि संगणक किती मिनिटांनी झोपवू. पडद्याला पाच मिनिटं द्या, झोपेला पंधरा. एवढंच. कुणी माऊस हलवला नाही की पाच मिनिटांनी पडदा खरोखरचा बंद होतो, आणि पंधरा मिनिटांनी सगळा संगणक डुलकी घेतो. कळफलकावरचं एखादं बटण दाबलं की परत जागा, आणि तुमचं काम जिथल्या तिथे.

मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवा. वॉलपेपर तुमच्या खात्यापुरता असतो, पण ही वेळ बदलली की ती घरातल्या सगळ्यांसाठी बदलते. ताई मोठी फाइल उतरवायला लावून गेली आणि मध्येच संगणक झोपला, तर तुमची धडगत नाही! म्हणून विचारून करा. दुसरं म्हणजे पावसाळ्यात फांदी तारेवर पडली आणि वीज गेली, तर झोपेतलं काम पुसलं जाऊ शकतं, कारण ते तात्पुरत्या स्मृतीत असतं. उठण्याआधी 'सेव्ह' करायचंच. ज्यांच्याकडे यूपीएस नाही त्यांनी तर नक्कीच.

आणखी एक प्रश्न बऱ्याच जणांच्या मनात असतो : काळी थीम लावली तर वीज वाचते का? डोळ्यांना बरं वाटत असेल तर लावा, दिसतेही झकास. पण साध्या एलसीडी मॉनिटरवर विजेत जवळजवळ काहीच फरक पडत नाही. त्या पडद्यामागे एक दिवा सतत जळत असतो आणि पुढचे बारीक ठिपके त्याला अडवतात किंवा वाट देतात. खिडकीला जाड पडदा लावला म्हणून खोलीतला दिवा विझतो का? आई-बाबांच्या फोनला ओएलईडी पडदा असेल तर गोष्ट वेगळी. तिथे प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो, काळा ठिपका म्हणजे विझलेला ठिपका. तरीही २०२१ साली अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या संशोधकांनी मोजून पाहिलं तेव्हा, फोनची उजळणी निम्म्याहून कमी ठेवलेली असेल तर काळ्या थीमनं जेमतेम ३ ते ९ टक्के वीज वाचली. त्यापेक्षा उजळणीच कमी करा. ती युक्ती एलसीडीवरही चालते. लॅपटॉपवर ती सेटिंग्जमध्ये 'डिस्प्ले'खाली मिळते. टेबलावरच्या मॉनिटरला त्याचीच बटणं असतात, खाली किंवा मागे चाचपून बघा. दुकानात चमकदार दिसावा म्हणून बरेच मॉनिटर भरपूर उजळ ठेवलेले असतात आणि घरी आल्यावर तसेच राहतात.

कुणी म्हणेल, पाणी तर पडल्यावरही पाणीच राहतं, मग ते 'खर्च' कसं झालं? हा प्रश्न शहाण्यासारखा आहे. कोयना नदी मूळची पूर्वेला जाते. कराडला ती कृष्णेला मिळते आणि पुढे सांगलीकडची शेतं भिजवते. पोफळीला उतरवलेलं पाणी मात्र वाशिष्ठीतून चिपळूणवरून दाभोळच्या खाडीत, म्हणजे अरबी समुद्रात जातं. ते परत घाट चढत नाही. म्हणून पश्चिमेकडे किती पाणी वळवायचं याला मर्यादा आहे. कृष्णेच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या बच्छावत लवादाच्या निवाड्यात ती वर्षाला ६७.५ टीएमसी ठरली. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. पाऊस कमी झाला की विजेसाठी किती आणि शेतीसाठी किती, यावरून ओढाताण होते. या जलाशयाखाली कितीतरी गावांची घरं आणि शेतं गेली आहेत, आणि तिथल्या माणसांना दुसरीकडे जाऊन पुन्हा पहिल्यापासून संसार मांडावा लागला. तेव्हा त्या पाण्याचा हिशोब लिटरमध्ये केला तर कंजूसपणा म्हणू नका.

आणि वेळही बघा. कोळशाचं वीजकेंद्र थंड पडलं तर चालू व्हायला काही तास लागतात. पाण्याचं यंत्र काही मिनिटांत फिरायला लागतं. म्हणून संध्याकाळी, घरोघरी दिवे, पंखे, मिक्सर एकदम सुरू होतात तेव्हा, कोयनेला हाक मारतात. नेमके तुमचे संगणकही त्याच वेळी चालू असतात.

आता या आठवड्याचा उद्योग. तुमच्या वीजमीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकतो. मीटरवर कुठेतरी '३२००' किंवा '१६००' असा आकडा छापलेला असेल, म्हणजे इतक्या वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. मोठ्या माणसांना सांगून दहा मिनिटं फ्रिज, पंखे, दिवे बंद करा आणि फक्त संगणक चालू ठेवा. मीटरला हात लावायचा नाही, लांबूनच बघायचं. ३२००चं मीटर आणि ८० वॅटचा संगणक असेल तर दिवा दर १४ सेकंदांनी लुकलुकेल. मग स्क्रीन सेव्हर लावून मोजा. मग पडदा बंद करून मोजा. शेवटी संगणक झोपवून मोजा, पण त्या वेळी हाताशी गोष्टीचं पुस्तक ठेवा. दोन वॅटला पुढची लुकलुक नऊ-साडेनऊ मिनिटांनी येईल!

चारही आकडे पोस्टकार्डावर लिहून पाठवा. गाव आणि इयत्ता लिहायला विसरू नका. पुढच्या आठवड्यात मराठी कळफलक बसवू. 'र्‍या' आणि 'ऱ्य' कसे काढायचे म्हणून ज्यांनी डोकं खाजवलंय त्यांच्यासाठी!