बिऱ्हाड

नोकरीच्या वीस वर्षांत परभणीत मी चार घरे बदलली. पण संगणकातले बिऱ्हाड हलवायची वेळ यंदा प्रथमच आली. आत उबुंटूची २०.०४ ही आवृत्ती. तिची नेहमीची मोफत देखभाल मे २०२५ मध्ये संपली. भाचा म्हणाला, “मामा, आता डेबियनच घ्या. ऑगस्ट २०२५ मध्ये तेरावी आवृत्ती निघालीय. तुमच्या जुन्या यंत्राला हलकी पडेल.”

डेबियन १९९३ सालचे. २००४ साली आलेली उबुंटू त्याच्याच पायावर उभी. म्हणजे लेकीच्या घरातून उठून आईकडे राहायला जायचे!

आत काही न बसवता पेनड्राइव्हवरून ते चालवून पाहता येते. पाहिले. मराठीच्या मास्तराची कसोटी एकच: ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ दोन्ही लिहिले. अर्धा र जागच्या जागी उमटला. (एरवी गुरुजनांची रवानगी स्वयंपाकघरात!)

झाले, बसवायलाच घेतले. ‘संपूर्ण डिस्क पुसा’ हा पर्यायही निवडला. तोच सौ.ने विचारले, “अहो, दादांच्या आठवणी कुठे आहेत?”

वडिलांनी शेवटच्या वर्षी सांगितलेली आणि मी टंकलेली ती एकशेबारा पाने त्याच डिस्कवर होती. दुसरी प्रत नव्हती.

मी हात मागे घेतला. स्टेशन रोडवरून नवे पेनड्राइव्ह आणून दोन प्रती केल्या. एक तिने दागिन्यांच्या डब्यात ठेवली. डेबियन आता पाडव्यानंतर. सध्या मी ती पाने वाचतो आहे.