गालावरची लाली आणि डबीवरची ओळ

लग्नसराई आली की महाड आणि पोलादपूरच्या पार्लरांत नवरीच्या मेकअपचे बेत ठरू लागतात. काही वर्षांपूर्वीपर्यंत 'भरगच्च' मेकअपला मान होता. चेहरा गोरा दिसला पाहिजे आणि गाल गुलाबी, एवढीच अपेक्षा असे. आता मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून आलेल्या मुली 'नॅचरल' लूक मागतात. गालावर लाली हवी, पण ती लावलेली आहे हे कळता कामा नये. त्यासाठी पंख्याच्या आकाराचा, विरळ केसांचा 'फॅन ब्रश' तालुक्याच्या ठिकाणीही येऊन पोहोचला आहे.

वरवर पाहता हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न वाटतो. परंतु लाली 'नैसर्गिक' दिसावी म्हणून ब्रशच्या आधी त्वचेवर जे काही केले जाते, त्याचा संबंध थेट मूत्रपिंडापर्यंत पोहोचू शकतो, हे गेल्या काही वर्षांतील प्रकरणांनी दाखवून दिले आहे. त्यातले एक महाराष्ट्रातलेच आहे.

ब्रश काय करतो?

फॅन ब्रशमागचे तत्त्व साधे आहे. गोल, दाट ब्रशमध्ये केस एकमेकांना चिकटून असतात, त्यामुळे तो भुकटी भरपूर उचलतो आणि पहिल्या स्पर्शालाच गालावर ठिपका उमटतो. पंख्यासारख्या ब्रशमध्ये केस एका पातळ ओळीत पसरलेले असतात. तो भुकटी कमी उचलतो आणि त्वचेवर दाबही कमी देतो. टोक रंगाला हलकेच टेकवायचे, जादा भुकटी झटकायची आणि गालाच्या उंचवट्यापासून कानशिलाकडे एक-दोन हात फिरवायचे. रंगाची कड दिसत नाही, म्हणून तो आतून आल्यासारखा वाटतो.

खरी लाली आतूनच येते. गालाच्या त्वचेखाली केशवाहिन्यांचे दाट जाळे असते. चालून आल्यावर, लाजल्यावर किंवा उन्हात त्या रुंदावतात आणि रक्तातील हिमोग्लोबिनचा लाल रंग वर झिरपतो. गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेत मेलॅनिन अधिक असल्याने हा रंग गुलाबी न दिसता विटकरी किंवा तांबूस दिसतो. त्यामुळे अशा त्वचेवर फिकट गुलाबी भुकटी लावली तर ती राखेसारखी दिसते; विटकरी, गडद पीच किंवा जांभळट छटा मात्र मिसळून जाते.

लालीला वैद्यकीय अर्थही आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के महिलांना रक्तक्षय आहे. आधीच्या फेरीत हे प्रमाण ४८ टक्के होते. सावळ्या त्वचेवर फिकटपणा चटकन कळत नाही, म्हणूनच डॉक्टर खालची पापणी ओढून पाहतात. जीभ, नखे, तळहात तपासतात. धाप लागणे, थकवा, चक्कर अशी लक्षणे असलेल्या मुलीचे गाल लग्नाआधी 'उतरलेले' दिसत असतील, तर पहिली गरज हिमोग्लोबिनच्या तपासणीची असते. ती तपासणी ग्रामीण रुग्णालयात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते.

ब्रशच्या आधीचा महिना

ब्लशची भुकटी ही बहुतांशी अभ्रक, टाल्क (शंखजिऱ्याची पूड), लोहाचे ऑक्साइड आणि काही परवानगी असलेले लाल रंग यांचे मिश्रण असते. प्रमाणित उत्पादनात यातले धोके मर्यादित असतात. टाल्कबाबत मात्र सावधगिरी वाढली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जुलै २०२४ मध्ये टाल्कचा समावेश 'बहुधा कर्करोगकारक' या गटात केला. हे वर्गीकरण पुराव्याच्या बळाविषयी आहे. गालावर लावलेल्या चिमूटभर रंगाने किती धोका होतो, हे ते सांगत नाही. तरीही कोणतीही बारीक भुकटी श्वासावाटे आत जाऊ नये, हे बरे. ब्रश फुंकण्याऐवजी डबीच्या काठावर हलकेच झटकावा.

मोठा धोका वेगळ्याच ठिकाणी आहे. 'नॅचरल' लूक हवा असला तरी पायाला 'उजळ' त्वचा हवी, ही जुनी समजूत सुटलेली नाही. त्यामुळे लग्नाच्या महिना-दोन महिने आधी गोरे करणारे क्रीम सुरू होते. कधी ते नामांकित कंपनीचे असते, तर कधी लेबल नसलेल्या छोट्या डबीतले, कुणीतरी 'हमखास गुण येतो' म्हणून दिलेले.

२०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातील असेच एक प्रकरण समोर आले. एका तरुणीला मूत्रपिंडाचा विकार जडला. पाठोपाठ तिची आई आणि बहीण यांनाही तोच त्रास झाला. एकाच घरात तिघींना एकाच वेळी हा आजार का व्हावा, याचा शोध घेताना डॉक्टरांचे लक्ष तिघी वापरत असलेल्या क्रीमकडे गेले. ते स्थानिक ब्युटिशियनकडून घेतलेले होते. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या मदतीने झालेल्या तपासणीत त्या क्रीममध्ये पारा आढळला, तोही अनुज्ञेय मर्यादेच्या हजारो पट.

केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यातील कोट्टक्कल येथे डॉक्टरांना हाच धागा अधिक रुग्णांत सापडला. जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात त्यांच्याकडे 'मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी' या मूत्रपिंडविकाराचे २२ रुग्ण आले. त्यातील १५ जणांत 'नेल-१' नावाच्या प्रथिनाशी निगडित, एरवी दुर्मीळ असलेला प्रकार आढळला आणि त्या १५ पैकी १३ जणांनी गोरे करणारे क्रीम वापरल्याचे सांगितले. हे निष्कर्ष 'किडनी इंटरनॅशनल' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यातली दिलासा देणारी बाब म्हणजे क्रीम थांबवल्यावर बहुतेक रुग्ण सुधारले.

पारा आणि स्टेरॉईड

त्वचेचा रंग मेलॅनिनवर अवलंबून असतो आणि मेलॅनिन तयार होण्यासाठी टायरोसिनेज हे विकर लागते. पाऱ्याचे क्षार हे विकर निकामी करतात. म्हणून क्रीम लावणारीला काही आठवड्यांत 'गुण' दिसतो. पण पारा त्वचेतून रक्तात शिरतो आणि मूत्रपिंडात साठतो. तेथील गाळणीचा पडदा बिघडला की रक्तातील प्रथिने लघवीतून वाहून जाऊ लागतात. लघवीला फेस येणे, सकाळी डोळ्यांभोवती आणि संध्याकाळी पावलांवर सूज येणे ही त्याची लक्षणे. क्रीम लावलेल्या हाताने बाळाला घेतले, एकच टॉवेल घरात फिरला, तर इतरांपर्यंतही पारा पोहोचू शकतो.

दुसरा धोका स्टेरॉईडयुक्त मलमांचा आहे. खरूज, गजकर्ण किंवा डागांसाठी म्हणून औषधाच्या दुकानातून आणलेले मलम चेहऱ्यावर रोज चोळले जाते. सुरुवातीला त्वचा तुकतुकीत दिसते. मग ती पातळ होते, केशवाहिन्या वर दिसू लागतात आणि गाल कायमचे लालसर होतात. ही लाली पाहून मैत्रिणी कौतुक करतात, पण प्रत्यक्षात ते त्वचा इजा झाल्याचे लक्षण असते. मलम थांबवले की जळजळ आणि पुरळ उसळते, म्हणून ते पुन्हा लावले जाते आणि चक्र सुरूच राहते. अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येऊ नयेत, यासाठी केंद्र सरकारने २०१८ मध्ये नियम कडक केले. चिठ्ठी न मागणारे दुकान असेल, तर चिठ्ठीचा आग्रह ग्राहकानेच धरायला हवा.

नियम आहेत, नजर हवी

भारताच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांत डोळ्यांभोवतीच्या प्रसाधनांत पाऱ्यासाठी ७० पीपीएम, तर इतर प्रसाधनांत नकळत राहिलेल्या पाऱ्यासाठी १ पीपीएम अशी मर्यादा घालण्यात आली. दहा लाख भागांत एक भाग म्हणजे १ पीपीएम. रंगांमध्ये शिसे २० पीपीएम आणि आर्सेनिक २ पीपीएमपेक्षा अधिक असता कामा नये. पाऱ्यावरील मिनामाता करारात भारत २०१८ मध्ये सामील झाला. नोव्हेंबर २०२३ मध्ये जिनिव्हात भरलेल्या या कराराच्या परिषदेत १ पीपीएमची पळवाटही काढून टाकण्याचा आणि पारा घातलेली प्रसाधने २०२५ पर्यंत हद्दपार करण्याचा निर्णय झाला.

अडचण आहे ती अंमलबजावणीची. परवानाधारक कारखान्याची तपासणी करता येते; आठवडी बाजारात, ओळखीतून किंवा मोबाइलवरून घरपोच येणाऱ्या डबीचा माग काढणे अवघड असते. ज्या उत्पादनावर निर्मात्याचे नावच नाही, त्याच्यावर कारवाई कुणावर करायची?

महाडला हा मुद्दा समजावून सांगण्याची फारशी गरज पडू नये. येथील औद्योगिक वसाहत रसायनांचीच आहे. प्रिवी स्पेशालिटी केमिकल्ससारख्या कंपनीत तयार होणारी सुगंधी रसायने साबण आणि अत्तरांसाठी देशोदेशी जातात. महाड, पोलादपूरच्या गावांतील अनेक घरांतले कुणी ना कुणी या वसाहतीत कामाला आहे. आत काय आहे, कोणत्या बॅचचे आहे, हाताळताना काय काळजी घ्यायची, हे लिहिल्याशिवाय पिंप कारखान्याच्या दाराबाहेर पडत नाही, हे त्यांना ठाऊक असते. पिंपाला लावलेला हाच नियम घरातल्या मुलीच्या चेहऱ्यावर जाणाऱ्या डबीलाही लावायला हवा.

डबीवर काय पाहायचे, याची यादी छोटी आहे. निर्मात्याचे नाव आणि पूर्ण पत्ता, उत्पादन परवान्याचा क्रमांक, बॅच क्रमांक, वापराची अंतिम तारीख आणि घटकांची यादी. माल परदेशी असेल तर आयातदाराचा पत्ता आणि आयात नोंदणी क्रमांक. घटकांत कॅलोमेल, मर्क्युरस क्लोराईड, अमोनिएटेड मर्क्युरी असे काही असेल, तर तो पाराच आहे. 'सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका' अशी सूचना असलेले क्रीमही संशयास्पद मानावे, कारण पारा या धातूंशी संयोग पावतो. 'आयुर्वेदिक' किंवा 'हर्बल' हा शब्द सुरक्षिततेचा पुरावा नाही. संशय आल्यास रायगड जिल्ह्यासाठी पेण येथे असलेल्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयाकडे किंवा १८००-२२२-३६५ या निःशुल्क क्रमांकावर तक्रार करता येते. डबी फेकून न देता जपून ठेवावी. तपासणीसाठी तीच लागते.

पावसाळी हवेतला ब्रश

उत्पादन चोख असले तरी ब्रश अस्वच्छ असेल तर उपयोग नाही. रायगड जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि पोलादपूर तर थेट घाटाच्या पायथ्याशी. मेपासूनच हवा दमट होते. घाम, तेल आणि रंग धरून बसलेला ब्रश अशा हवेत वाळत नाही आणि त्यावर जिवाणू व बुरशी पोसली जाते. एकाच मुहूर्तावर दोन-तीन नवऱ्या तयार करताना तोच ब्रश फिरला, तर पुरळ, गळू किंवा ओठांवरची नागीण एकीकडून दुसरीकडे जाऊ शकते.

त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानुसार घरचा ब्रश दर सात ते दहा दिवसांनी सौम्य शाम्पू आणि कोमट पाण्याने धुवावा. पार्लरमध्ये तो प्रत्येक ग्राहकानंतर स्वच्छ झाला पाहिजे. धुतलेला ब्रश उभा ठेवू नये, कारण पाणी मुठीत उतरते. तो आडवा किंवा केस खाली करून पंख्याच्या वाऱ्यावर वाळवावा. कृत्रिम केसांचे ब्रश लवकर वाळतात, म्हणून कोकणात तेच सोयीचे. पुराचे पाणी लागलेली किंवा बुरशीचा वास येणारी प्रसाधने मात्र वाळवून वापरू नयेत. जुलै २०२१ चा सावित्रीचा पूर पाहिलेल्या महाडकरांना त्या पाण्यात काय काय मिसळते, हे सांगायला नको.

फॅन ब्रशची ही आवड खरे तर आरोग्याच्या बाजूची आहे. रंग कमी लागतो, थर पातळ राहतो आणि मुलगी स्वतःच्या वर्णातच खुलते. मात्र ती अर्ध्यावर थांबू नये. लाली नैसर्गिक हवी असेल, तर तिच्याखालची त्वचाही नैसर्गिकच राहू द्यावी लागेल. लग्न ठरलेल्या घरात कुणी गोरे करणारे क्रीम वापरत असेल आणि लघवीला फेस किंवा अंगावर सूज दिसत असेल, तर क्रीम त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांना दाखवावे. लघवीतील प्रथिनांची तपासणी साधी आणि स्वस्त आहे. ती वेळेत झाली, तर मूत्रपिंड बहुधा सावरते.