गोड गोळीची भीती, गुळाचा भरवसा

कृत्रिम गोडी सुरक्षित आहे का, असे कोणी विचारले की उत्तर देण्याआधी मी दोन गोष्टी विचारून घेते. कोणासाठी? आणि दिवसाला किती? मी फार्मासिस्ट आहे, कोपरगावात माझे मेडिकल आहे. आजूबाजूला साखर कारखाने, गळीत हंगामात रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग, आणि गिऱ्हाइकांची उधारी फिटते ती उसाचे बिल निघाल्यावर. या साखरेच्या मुलखात मधुमेहाच्या गोळ्यांना कधी मंदी नसते. त्यांच्या शेजारच्या फळीवर चहात टाकायच्या गोड गोळ्यांच्या डब्या असतात.

14 जुलै 2023 ला अस्पार्टेम ‘कदाचित कर्करोगकारक’ ठरल्याची बातमी आली. पुढच्या काही दिवसांत नेहमीचे एक गिऱ्हाईक, निवृत्त गुरुजी, अर्धी वापरलेली डबी काउंटरवर ठेवून म्हणाले, “ताई, पैसे नकोत, पण ही घरात नको.” मग चहात काय घालता, असे विचारले तर म्हणाले, “गूळ. सेंद्रिय आणलाय. गुळानं शुगर वाढत नाही.” सकाळी, अकराला, दुपारी, संध्याकाळी, प्रत्येक कपात गुळाचा एक खडा. मी समजावले, त्यांनी ऐकून घेतले आणि गूळ चालूच ठेवला. पुढे तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट दाखवायला आले, तेव्हा साडेसातचा आकडा नऊच्या वर गेला होता.

गूळ म्हणजे बहुतांशी साखरच. लोह आणि इतर क्षार असतात, पण चहाच्या कपात पडणाऱ्या गुळातून त्यांचा लाभ नावापुरता. मधुमेह्याच्या रक्तात गूळ साखरेसारखाच वागतो. गावोगावी ‘गुळाचा चहा’ अशा पाट्या लागल्या आहेत, तिथे रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या खिशात असलेली माणसे निर्धास्त बसतात, हे मला फार लागते. गोड गोळीची भीती घातल्यावर माणूस बिनसाखरेच्या चहाकडे वळला असता तर माझी तक्रार नव्हती. तो गुळाकडे, मधाकडे, खडीसाखरेकडे वळतो. या वादाची किंमत आमच्याकडे अशी मोजली जाते, आणि ती बातमी देणाऱ्याला दिसत नाही.

त्या दिवशी खरे तर दोन निकाल एकदम आले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अस्पार्टेमला 2बी गटात टाकले. हा पदार्थ कर्करोग करू शकतो का, एवढेच ही संस्था पाहते, किती प्रमाणात हे तिच्या कामात येत नाही. यकृताच्या कर्करोगाबाबत माणसांमधला पुरावा तिला ‘मर्यादित’ वाटला. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही याच 2बी गटात आहे. माझ्याकडे कोरफडीच्या रसाच्या बाटल्या असतात, त्यांच्याबद्दल मला कोणी विचारले नाही. दुसरा निकाल अन्नातील घटकांची तपासणी करणाऱ्या संयुक्त तज्ज्ञ समितीचा होता. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 40 मिलिग्रॅम ही 1981 पासूनची मर्यादा बदलण्याचे कारण तिला दिसले नाही. ही मर्यादा काढताना प्राण्यांना ज्या मात्रेने अपाय झाला नाही तिचा शंभरावा भाग घेतलेला आहे. मथळा पहिल्या निकालाचा झाला. दुसरा आतल्या परिच्छेदात राहिला.

मी काउंटरवर कागद घेऊन हिशेब मांडून दाखवते. साठ किलोच्या माणसाला दिवसाची मर्यादा 2,400 मिलिग्रॅम. माझ्याकडे मिळणाऱ्या अस्पार्टेमच्या एका गोळीत 18 मिलिग्रॅम असतात. पाच कप चहा, कपाला दोन गोळ्या धरल्या तरी 180. मर्यादा ओलांडायला 130 च्या वर गोळ्या लागतील. (गोळी उकळत्या चहात टाकू नये. अस्पार्टेम उकळले की गोडी जाते, मग लोक आणखी दोन टाकतात. चहा गाळून कपात घेतला की टाकावी.) मधुमेहाच्या माणसाला कपात साखर घालण्यापेक्षा ही गोळी बरी, हे मी कोणासमोरही ठामपणे सांगेन.

याचा अर्थ सगळे आलबेल आहे असा नाही. फ्रान्समध्ये एक लाखाहून अधिक प्रौढांच्या आहाराच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या गेल्या. 2022 मध्ये त्यांतून दिसले की कृत्रिम गोडी जास्त घेणाऱ्यांत कर्करोगाचे प्रमाण सुमारे 13 टक्क्यांनी अधिक होते. हा आकडा झटकून टाकण्यासारखा नाही. पण ही गोळी मुळात घेतो कोण? ज्याचे वजन वाढलेले आहे, ज्याच्या घरात मधुमेह आहे, ज्याला डॉक्टरने दम दिला आहे, तो. काठी टेकत चालणाऱ्यांचेच गुडघे जास्त दुखतात, म्हणून काठीने गुडघे बिघडतात असे कोणी म्हणत नाही. संशोधक अशा गोष्टींची वजाबाकी करायचा प्रयत्न करतात, पण ती पुरी कधीच होत नाही.

दुसऱ्या बाजूला चेन्नईचा एक अभ्यास आहे. डॉ. व्ही. मोहन यांच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने 179 मधुमेही भारतीयांवर तो केला आणि 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांच्या चहा-कॉफीत साखरेऐवजी सुक्रालोज ही कृत्रिम गोडी, बाकीच्यांची साखर चालू. 12 आठवड्यांनी तीन महिन्यांच्या साखरेत म्हणण्यासारखा फरक पडला नाही, सुक्रालोजवाल्यांचे वजन आणि कंबर मात्र थोडी उतरली. आपल्या लोकांवर, आपल्या चहावर झालेला अभ्यास म्हणून मला तो मोलाचा वाटतो. बारा आठवड्यांच्या अभ्यासातून बारा वर्षांचे उत्तर निघत नाही, हेही मी त्याच दमात सांगते.

मे 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सल्ला दिला की वजन कमी करण्यासाठी या पदार्थांवर विसंबू नका. तो सल्ला मला पटतो. बारीक व्हायचे म्हणून डाएट कोला पिणाऱ्या कॉलेजच्या मुलांना मी तेच सांगते. पण आधीपासून मधुमेह असलेल्यांना हा सल्ला लागू नाही, असे त्याच कागदात स्पष्ट लिहिले होते. आमच्या भागात तो सल्ला पोहोचला तेव्हा हे वाक्य गळून गेले होते. देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत असे आयसीएमआरने 2023 मध्ये सांगितले. ते वाक्य नेमके त्यांच्यासाठी होते.

सगळ्या गोड पदार्थांना एकाच माळेत ओवणे हीही मोठी गडबड आहे. सॅकरीनचेच पाहा. 1879 मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या प्रयोगशाळेत ते सापडले. उंदरांच्या मूत्राशयात गाठी दिसल्या म्हणून 1977 मध्ये तिथे त्यावर बंदीचा प्रस्ताव आला, मग वेष्टणावर इशारा छापायची सक्ती झाली. पुढे कळले की नर उंदरांच्या लघवीची घडण वेगळी असते, तिच्यात सॅकरीनच्या मोठ्या मात्रेने बारीक स्फटिक बनतात आणि ते मूत्राशयाचे अस्तर घासतात. माणसात तसे घडत नाही. 2000 साली संशयितांच्या यादीतून त्याचे नाव काढले गेले. पण आमच्याकडे आजही ‘सॅकरीनचा गोळा’ म्हटले की आया मुलाचा हात ओढतात. (बर्फगोळ्याच्या पाण्याची काळजी करा, असे मी त्यांना सांगते. उन्हाळ्यात माझ्याकडे येणारी जुलाबाची पोरे त्या पाण्यामुळे येतात.) सायक्लामेटवर अमेरिकेत 1969 मध्ये बंदी आली, युरोपात ते आजही चालते. त्या काळात सायक्लामेटविरुद्धच्या संशोधनाला अमेरिकेतल्या साखर उद्योगाने पैसा पुरवला होता. गोळी विकणाऱ्या कंपन्याही आपल्या सोयीच्या संशोधनाला पैसे देतात. म्हणून कोणताही निष्कर्ष वाचताना पैसा कोणाचा, हे मी आधी पाहते.

एरिथ्रिटॉल या साखरेच्या पर्यायाबद्दल मात्र मी सावध आहे. ‘नैसर्गिक स्टीव्हिया’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक पुड्यांत स्टीव्हिया चिमूटभर आणि बाकी एरिथ्रिटॉल असते. अमेरिकेच्या क्लीव्हलँड क्लिनिकने 2023 मध्ये दाखवले की ज्यांच्या रक्तात ते जास्त, त्यांना हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात अधिक. आपले शरीरही ते थोडेफार बनवते, त्यामुळे तेवढ्यावरून खाण्याला दोष देता येत नव्हता. पण पुढे निरोगी माणसांना 30 ग्रॅम एरिथ्रिटॉल पाण्यातून दिले तेव्हा रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट अधिक चेतवल्या गेल्याचे दिसले. प्रयोग लहान आहे. तरीही ज्याची अँजिओप्लास्टी झाली आहे, त्याला ती पुडी देताना मी दुसरे काही सुचवते.

आता अशा एका धोक्याबद्दल, ज्यावर कोणीच वाद घालत नाही. एका दुपारी समोरच्या गल्लीतली सून धावत आली. “ताई, मामंजींना दरदरून घाम सुटलाय, हात थरथरतायत, बोलणं नीट समजत नाही. सरबत पाजलं तरी उतार नाही.” सरबत कसले, विचारले. घरात साखर बंद केलेली, म्हणून लिंबात गोड गोळी विरघळवून पाजलेले. आजोबा ग्लिमेपिराइडवर होते, सकाळची गोळी घेऊन जेवण टाळलेले. त्यांची साखर घसरली होती आणि घरचे त्यांना असे गोड देत होते, ज्याने साखर तसूभर वाढत नाही. मी ग्लुकोजची पुडी घेऊन तिच्याबरोबर गेले. पाण्यात कालवून घोट घोट पाजल्यावर पंधरा-वीस मिनिटांत आजोबांनी मला नावाने हाक मारली.

त्यांच्या चिठ्ठीवर व्होग्लिबोजही होते. हे औषध आतड्यात साखरेचे विघटन रोखते, म्हणून ते चालू असताना साखर घसरली तर घरातली साखरही लवकर कामाला येत नाही, ग्लुकोजच लागते. गोड गोळीची डबी देताना मी आता प्रत्येकाला सांगते, की शेजारी ग्लुकोजची पुडी ठेवा आणि कोणती कशासाठी ते घरातल्या सगळ्यांना, नातवंडांनासुद्धा, दाखवून ठेवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका, दवाखाना गाठा. डबीवर हे कुठे छापलेले नसते.

माझा खरा राग आहे तो पाकिटांवर. ‘शुगर फ्री’ लिहिलेले बिस्किट मधुमेही माणूस चार-सहा खातो, कारण पाकिटाने त्याला परवानगी दिली. 100 ग्रॅममध्ये साखर अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त नसेल तर तसा दावा करता येतो. मैद्याबद्दल आणि तेलाबद्दल तो दावा चकार शब्द काढत नाही, आणि मैद्याची रक्तात साखरच होते. मुलांचा प्रश्न याहून गंभीर आहे. पंधरा किलोच्या पोराची अस्पार्टेमची मर्यादा 600 मिलिग्रॅम. डाएट शीतपेयाच्या एका कॅनमध्ये 200 ते 300 असू शकतात. मोठ्या माणसाला जी मर्यादा दिवसभरात गाठता येणे अवघड, ती लग्नाच्या मांडवात धावणारे चार वर्षांचे पोर दोन-तीन कॅनमध्ये गाठते. फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार असलेल्या मुलाला तर अस्पार्टेम मुळीच चालत नाही. मुलांसाठी नाही, हा इशारा आपल्याकडेही असतो, पण पाकिटाच्या पाठीवर, बारीक इंग्रजीत. मेक्सिकोने 2020 पासून तो पुढच्या बाजूला काळ्या पट्टीत छापायला लावला.

आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2022 मध्ये पाकिटांना तारे देण्याचा मसुदा काढला. त्यात साखर उतरली की तारे वाढतात, तिच्या जागी काय घातले याचे गुण कापले जात नाहीत. हे मला मान्य नाही. मला दोन गोष्टी हव्यात. इशारा पुढच्या बाजूला, मराठीत, आणि नावासोबत मिलिग्रॅम. माझ्या फळीवरच्या गोळ्यांच्या डबीवर आकडा आहे, बिस्किटांवर आणि शीतपेयांवर मला तो सापडत नाही. वजनाच्या किलोमागे इतके मिलिग्रॅम अशी मर्यादा घालायची आणि पाकिटात किती मिलिग्रॅम आहेत ते लपून राहू द्यायचे, तर आईने हिशेब मांडायचा कशाच्या आधारे? कारखान्यात तो पदार्थ तोलूनच घालतात, आकडा त्यांच्याकडे असतोच.

तोवर पाकीट उलटे करून घटकांच्या यादीत 950, 951, 954, 955, 960 आणि 968 हे आकडे शोधा. अनुक्रमे असेसल्फेम, अस्पार्टेम, सॅकरीन, सुक्रालोज, स्टीव्हियाचा अर्क आणि एरिथ्रिटॉल. यांतला एकही दिसला तर ते पाकीट मुलाच्या डब्यासाठी घेऊ नका. आणि मधुमेह असलेल्या आजोबांच्या चहातली गोळी काढून तिथे गूळ घालू नका.