स्कूबाचा व्हिडिओ सगळे बघतात, टाकीतली हवा कोण बघतं?

मंडळी, सीझन तोंडावर आलाय. मालवण, तारकर्ली, देवबाग, सगळीकडे बोटींना रंग लागलेत, नवीन वेटसूट आलेत, पाण्याखालचे कॅमेरे आलेत. चांगलंच आहे, चार पोरांना गावातच काम मिळतं. पण ज्या हवेवर हा सगळा धंदा चालतो, तिच्याबद्दल आपल्याकडे कोणी चकार शब्द काढत नाही. म्हणून ही लांबलचक पोस्ट. वेळ काढून वाचा.

आधी एक गैरसमज. पेपरवालेसुद्धा 'ऑक्सिजन सिलिंडर' असं छापतात. स्कूबाच्या टाकीत आपली नेहमीची हवा असते, फक्त २०० बारपर्यंत दाबलेली. १२ लिटरच्या टाकीत साधारण २४०० लिटर हवा बसते. ही हवा येते कुठून? कॉम्प्रेसर जिथे उभा आहे तिथून. तिथे जनरेटरचा धूर असेल तर तो आत, शेजारी कुणी पातेरा पेटवला असेल तर तोही आत. पाण्याखाली गेलेल्या माणसाला खिडकी उघडायची सोय नाही.

मी कॉम्प्रेसर दुरुस्तीचं काम करतो, त्यामुळे बऱ्याच ठिकाणची मागची खोली बघितली आहे. व्यवस्थित काम करणारे खूप आहेत, हे आधीच सांगतो. पण एका ठिकाणी (नाव घेणार नाही) लाईट गेल्यावर जनरेटर लावतात, आणि त्याचा सायलेन्सर कॉम्प्रेसरच्या हवा ओढणाऱ्या नळीपासून जेमतेम सहा हातांवर. मी विचारलं, तर उत्तर आलं, "अरे फिल्टर आसा ना!"

तर तो फिल्टर काय करतो ते समजून घेऊया. हवा दाबली की तापते, मग थंड होताना तिच्यातलं पाणी आणि तेलाचे थेंब सुटतात. ते सेपरेटरमध्ये जमतात, आणि दर १०-१५ मिनिटांनी ड्रेन उघडून काढावे लागतात. मशीनला ऑटो ड्रेन नसेल तर माणूस तिथे उभा पाहिजे, चहाला गेलेला चालत नाही. पुढे कार्ट्रिज. त्यात मॉलिक्युलर सिव्ह ओल शोषतं, ॲक्टिव्हेटेड कार्बन तेलाची वाफ आणि वास धरतो. काही कार्ट्रिजमध्ये हॉपकलाइट असतं, ते कार्बन मोनॉक्साइडचं रूपांतर कार्बन डायऑक्साइडमध्ये करतं. सगळ्यात नसतं. आणि असलं तरी ते कोरडं असेपर्यंतच चालतं. सिव्ह ओलं झालं की पाणी हॉपकलाइटपर्यंत पोचतं आणि त्याचं काम थांबतं. बाहेरून कार्ट्रिज तसंच दिसतं. हवेला वासही येत नाही, कारण कार्बन मोनॉक्साइडला वासच नाही.

आता आपलं कोकण बघा. २० अंशांना ओलीने भरलेल्या एक घनमीटर हवेत साधारण १७ ग्रॅम पाणी असतं, ४० अंशांना ते ५१ च्या आसपास जातं. बाहेर ३२ अंश असतील तर पत्र्याच्या शेडमधल्या कॉम्प्रेसरच्या फिल्टरमध्ये शिरणारी हवा सहज चाळिशी ओलांडते. म्हणजे पुस्तकात २० अंशांसाठी जेवढे तास दिलेत, त्याच्या एक तृतीयांश तासांतच कार्ट्रिज बदलायची वेळ येते. मॅन्युअलमध्ये तापमानाचा तक्ता असतो, पण मॅन्युअल कपाटात! बदलायचे तास डोक्यात ठेवतात, वहीत नाही. आणि जुनं कार्ट्रिज उन्हात वाळवून परत घालणाऱ्याला मी साष्टांग दंडवत घालतो. उन्हाने सिव्ह सुकत नाही हो.

तेलाचंही तसंच. श्वासाच्या हवेच्या कॉम्प्रेसरला त्याचंच तेल लागतं. गॅरेजमधलं घातलं आणि मशीन तापलं, तर ते आतच करपून कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो. तेव्हा बाहेर जनरेटर नसला तरी उपयोग नाही.

धोका किती? युरोपच्या श्वसन-हवेच्या मानकात कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ५ पीपीएम आहे, तेलाची घनमीटरला अर्धा मिलिग्रॅम. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट घट्ट चिकटतो. १० मीटर खोलीवर दाब दुप्पट, म्हणजे टाकीतल्या प्रत्येक घाणीचा परिणामही दुप्पट. वर आल्यावर पर्यटकाचं डोकं ठणकतं, उलटी होते, आणि सगळे म्हणतात "बोट लागली", नाहीतर "खारं पाणी पोटात गेलं". बहुतेक वेळा तेच खरंही असतं. म्हणूनच उरलेल्या वेळी कोणाला शंका येत नाही.

कार्ट्रिज बदलणाऱ्या पोरांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहितो. भरायच्या नळीवरचा गेज शून्यावर आला म्हणजे फिल्टरचं केसिंग रिकामं झालं असं नाही. मधे प्रेशर मेंटेनिंग व्हॉल्व्ह असतो, तो आतला दाब धरून ठेवतो. आधी सगळे ड्रेन उघडा. झाकण हाताने सहज फिरलं नाही तर आत दाब आहे असं समजा, पाना लावून जोर करू नका. ते झाकण गोळीसारखं उडतं. ओ-रिंग बघा, नवीन कार्ट्रिजचं सील बसवायच्या वेळीच फोडा, आणि तारीख व मीटरचे तास तिथेच लिहा.

२०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीला स्कूबाहून परतणारी बोट बुडाली, दोन पर्यटक गेले. त्यानंतर लाईफ जॅकेट आणि बोटीत माणसं किती यावर भरपूर चर्चा झाली, व्हायलाच हवी होती. २०२१ पासून राज्याचं साहसी पर्यटन धोरणही आहे. पण तिकीट काउंटरवर हवा तपासल्याची तारीख लावलेला बोर्ड मला अजून दिसलेला नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. दर तीन महिन्यांनी हवेची तपासणी, आणि तिचा कागद काउंटरवर. "धंदा मारतलास काय?" असं विचारणारे कॉमेंटमध्ये येतीलच. त्यांना सांगतो, कार्ट्रिजचे पैसे गर्दीच्या एका रविवारच्या गल्ल्यातून सुटतात. खरा प्रश्न छोट्यांचा आहे. ते दुसऱ्याकडून टाक्या भरून आणतात, हवा कशी हे त्यांच्या हातात नसतं. त्यांच्यासाठी पर्यटन खातं, नगरपरिषद आणि व्यावसायिकांची संघटना मिळून एक सामायिक फिलिंग स्टेशन उभं करू शकतात. धुरापासून लांब, हवा ओढायची नळी उंचावर आणि वाऱ्याच्या दिशेला, कार्बन मोनॉक्साइडचा मीटर कायम लावलेला. सेल्फी पॉइंटला निधी मिळतो, तर याला का मिळू नये?

अग्निशमन दलाच्या बीए सेटलाही हेच सगळं लागू आहे, पण तो विषय वेगळ्या पोस्टचा.

पावसाळाभर शेडमध्ये पडलेलं अर्धवट वापरलेलं कार्ट्रिज या सीझनला तसंच चालवायचा विचार कोणी करत असेल, तर आजच काढून टाका. सिलिंडरची हायड्रो टेस्टची तारीखही बघून घ्या. आणि फिरायला येणाऱ्यांनो, पैसे भरायच्या आधी एवढं विचारा: "टाकी कुठे भरता, आणि फिल्टर कधी बदलला?" उत्तर देणारा वही काढून दाखवतो की हसून विषय बदलतो, ते बघा.