खड्डा आमचा, वही परक्याची

लोणारच्या कड्यावर चिखलीची शाळकरी सहल उभी होती. गाइड सवयीने बोलून गेला, ‘या सरोवराचा शोध १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने लावला.’ पोरांनी ते वहीत उतरवून घेतले.

शोध लावला म्हणे! झऱ्याच्या धारेखाली पिढ्यान्‌पिढ्या अंघोळी झाल्या, काठच्या कमळजादेवीला नवस फिटले, गावात दैत्यसूदनाचे देऊळ उभे राहिले, अकबराच्या काळी अबुल फजलाने ‘ऐन-ए-अकबरी’त या जागेची नोंद केली, आणि ती ‘सापडली’ कोणाला, तर कंपनीच्या नोकराला! हे वाक्य आज दोनशे वर्षांनीही आम्ही पोरांना घोकायला लावतो, याची लाज कोणाला वाटायची?

पण टाळ्या पिटायची घाई नको. या संतापाची अर्धी उधारी आमच्याच खात्यावर आहे.

१५८३ साली राल्फ फिच नावाचा लंडनचा व्यापारी ‘टायगर’ जहाजावर चढला. होर्मुझला पोर्तुगीजांनी धरला, गोव्याच्या तुरुंगात टाकला. पुढे मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचणाऱ्या फादर स्टीफन्सने खटपट केली, तेव्हा जामिनावर सुटला. मग जामीन बुडवून पळाला तो विजापूर, गोवळकोंडा करत आपल्या वऱ्हाडातल्या बाळापुरावरून थेट बऱ्हाणपुरास! तिथे आठ-दहा वर्षांच्या नवरदेवांची लग्ने पाहिली, तीही टिपून ठेवली. १५९१ ला घरी पोचला. ईस्ट इंडिया कंपनी काढणाऱ्यांनी सल्ल्याला याच माणसाला बोलावले. १८०३ च्या नोव्हेंबरात वऱ्हाडातल्याच अडगावच्या रानात त्याच कंपनीच्या वेलस्ली सेनापतीच्या तोफा मराठ्यांवर धडाडल्या, तेव्हा तिला दोनशे तीन वर्षे होत आली होती.

फिचच्या काळी बाळापुरातून उलट लंडनला कोण निघाले? कोण निघणार! समुद्र ओलांडला की जात बाटली, परत आला की पाजा पंचगव्य, हा आमचा भूगोल. पायाखालच्या लोणारची चौकशीही पुराणातला लवणासुर मेल्यावर संपली. पाणी खारे का, हे त्या असुराला कोणी विचारले नाही. १९७३ साली भारतीय आणि अमेरिकी भूवैज्ञानिकांनी बेसाल्टात आघाताने झालेली काच दाखवली, तेव्हा उल्कापाताची साक्ष पटली. म्हणजे आमच्या माणसांना जमते. बसल्या जागी पोथी मिटायला मात्र जमत नाही. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले, तर मोबाइलवर आधी चमत्कार फिरला. क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांचा पुण्याच्या आघारकर संस्थेचा खुलासा मागून आला, आणि तो पुढे पाठवायला कोणाचे बोट हलले नाही.

चिखलीतल्या प्रत्येक शाळेला आमचे उघड आव्हान आहे. यंदा मेहकरमार्गे गाडी निघेल तेव्हा डब्यांबरोबर थर्मामीटर न्या, मोजायची दोरी न्या, आणि वहीत गाइडचे नव्हे, डोळ्यांनी पाहिलेले लिहायला लावा.

त्या सहलीत नववीतली एक पोर उकिडवी बसून दगडाच्या भुग्यावरून लोहचुंबक फिरवत होती. काळी रेती केसांसारखी उभी राहिली. ‘सर, हे काऊन चिकटते?’

सर घड्याळ बघत होते. ‘चाल लवकर, गाडी सुटते.’